खुनी मी बदलला

मी बी.ए. झाले तेव्हा वडिलांनी सगळ्या चाळीत पेढे वाटले. ते चादरीच्या मागावर होते, आई विड्या वळायची, दोघांनाही सही येत नव्हती. आमच्या घरातली पहिली मॅट्रिक मी आणि पहिली पदवीधरही मीच. हे मी आजही न लाजता सांगते. ज्यांच्या आजोबांनी कॉलेज बघितलं त्यांनी नम्र राहावं, त्यांना ते शोभतं. आम्हाला सांगावंच लागतं, नाहीतर कुणाला कळत नाही.

पेढे संपले, वर्ष सरलं, नोकरी लागली नाही. शाळांना अर्ज, बँकेला अर्ज, जिल्हा परिषदेला अर्ज. दुपारी मी उंबऱ्यावर बसून पोस्टमनची वाट बघायची आणि समोर अंगणात, गोणपाटाच्या सावलीखाली, चाळीतल्या आठ-नऊ बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसायच्या. शेवटी आई म्हणाली, "बसून बसून मुंग्या येतील. ये, हात लाव." मी हात लावला. माझ्या विड्या एक तर फुगायच्या नाहीतर सुटायच्या. दुसऱ्या दिवशी विडी कारखान्याच्या ब्रँचवर माल दिला तेव्हा चेकरनं माझ्या सगळ्याच विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या. आईला वाईट वाटलं ते माझं नाही, पानाचं. पान मोजून मिळायचं.

तेव्हा बायकांनीच तोड काढली. मी वाचायचं, त्यांनी वळायचं. रेडिओ कुणाकडं नव्हता, आणि त्याच त्याच गप्पांवर किती दुपारी काढायच्या? उठताना प्रत्येकीनं मूठभर विड्या आईच्या सुपात टाकायच्या, म्हणजे माझ्या हाताची भरपाई झाली. आमची घरची भाषा तेलुगू. बाजारापुरतं मराठी सगळ्यांना यायचं, पण पुस्तकी मराठी कुणाला कळत नव्हतं. म्हणून मी एक पान मनात वाचायची आणि ते तेलुगूत सांगायची. इथं त्यांचं बोलणं मी मराठीत लिहिलंय. बाजारात मराठी बोलायची वेळ आली की त्या असंच बोलायच्या.

सात रस्त्याजवळ एका सायकलवाल्याच्या शेजारी भाड्यानं कादंबऱ्या देणारं एक दुकान होतं. तिथून मी ते पुस्तक आणलं. वर हिरव्या साडीतली बाई, मागे कॉफीचा कप आणि एका माणसाची सावली. दुकानदार पुस्तकावर नाव लिहिताना म्हणाला, "बी.ए. झालात म्हणता, आणि हे वाचता?"

मी म्हटलं, ऐकणाऱ्या बी.ए. झालेल्या नाहीत.

कादंबरी पुण्यातल्या एका बंगल्यातली होती. नायिकेचा नवरा मोठा कारखानदार. तो दुसरीत गुंततो आणि हिला घटस्फोट देतो. महिन्याभरानं तो कॉफीतल्या विषानं मरतो. शंका नायिकेवर. पोलीस तिच्या मागे लागतात, आणि सगळ्यांनी टाकलेल्या या बाईच्या पाठीशी उभा राहतो तो घरचा डॉक्टर, कमी बोलणारा, बायको वारलेला. दोघांचं प्रेम जमतं. नायिकेची सासू पण होती, मोत्यांची माळ घालून गॅलरीत उभी राहणारी. तिला फारसं काम नव्हतं. आता मला वाटतं, लेखकानं तिला विसरूनच ठेवली होती.

माझी चूक अशी की हे पुस्तक आमच्या अंगणात कुणापुढं उघडतेय याचा मी विचार केला नाही.

मागच्या खोलीत एक सासू-सून राहायच्या. सुनेला मी अक्का म्हणायची, ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. सासूला सगळी चाळ अव्वा म्हणायची. अव्वाची बोटं थरथरायची, म्हणून ती कात्रीनं पानं कापून द्यायची आणि अक्का वळायची. दोघी मिळून एक कामगार. अक्काइतकी विडी कुणाची होत नव्हती, एकसारखी, घट्ट. अव्वाचा एकुलता मुलगा, म्हणजे अक्काचा नवरा, तीन वर्षांपूर्वी भिवंडीला मागावर गेला तो तिथंच राहिला. मूलबाळ नव्हतं. तिकडं त्यानं दुसरी बाई केल्याचं सगळ्यांना माहीत होतं, फक्त तोंडानं कुणी म्हणत नव्हतं. त्या वर्षी रंगपंचमीच्या सुमारास त्याचा निरोप आला. त्या बाईच्या घरचे म्हणत होते, आधीचं लग्न मोडल्याशिवाय पोरगी देणार नाही. म्हणून त्याला अक्काची सोडचिठ्ठी हवी होती. आमच्यात कोर्टात जायची रीत नव्हती. समाजाचे पंच बसायचे, कागद व्हायचा, दोघांचे अंगठे घेतले की सुटलं.

निरोप आला त्या आठवड्यात अक्काच्या विड्या सैल पडल्या. पाच वर्षांत जिची विडी कधी मागं आली नाही तिच्या सुपातून चेकरनं छाट काढली. हा चेकर आमच्याच समाजातला, चाळिशीचा, विधुर. खाली मान घालून विड्यांचे कट्टे चाचपायचा, कुणाकडं वर बघायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या आईला बाजूला बोलावून विचारलं, "त्या बाईच्या घरी काय झालंय का?"

आई म्हणाली, "तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. विडी सांगतीय की."

हे आईनं घरी येऊन सांगितलं तेव्हा वडीलसुद्धा जेवता जेवता थांबले. आणि आठ दिवसांनी त्याच माणसानं आईकडून निरोप पाठवला. कागद झाला तर तिच्याशी पाट लावायला तो तयार होता. घाई नव्हती. तिला विचारा, एवढंच. आईनं सांगितलं तेव्हा अक्कानं एक विडी तंबाखू न भरताच वळली, दोरा बांधला आणि मग बघत बसली.

आता पेच असा. अक्कानं अंगठा दिला तर ती सुटणार आणि अव्वा एकटी पडणार. थरथरत्या हातानं पानं कापता येतात, पण नुसत्या कापलेल्या पानांना ब्रँचवर कोण विचारतं? मी आईला म्हटलं, अव्वाला पण तिच्याबरोबर जाऊ दे की. आई माझ्याकडं बघतच राहिली. "पयल्या नवऱ्याची आई दुसऱ्या नवऱ्याच्या घरात? बी.ए.ला हेच शिकीवलं व्हय?"

अक्का आणि अव्वा या विषयावर एकमेकींशी एक शब्द बोलत नव्हत्या. त्या बोलायच्या त्या माझ्या पुस्तकातून. नायिका वकिलाच्या ऑफिसात सही करते आणि बंगल्यातून निघते, ते पान मी सांगितलं तो दिवस मला आठवतो.

"लई शहाणी बाई," अव्वा म्हणाली. "निघताना मागं वळून बी बघितलं न्हाय."

"मागं होतं कोण बघायला?" अक्काची मान खाली, हात चालू.

"सासू होती की. ए पोरी, लिहिलंय का न्हाय, सासू होती का?"

मी म्हटलं, होती. गॅलरीत.

"बघ. गॅलरीत उभी होती. एकटी."

"तिचा बंगला होता," अक्का म्हणाली. "नोकर होते. तिला कुणाच्या विड्यांवर जगायचं नव्हतं."

समोरच्या खोलीतली एक जाडी बाई होती, तिला गप्प बसणं जमायचं नाही. ती म्हणाली, "आपल्याला बंगलाच न्हाय, मग सोडचिठ्ठी कशी देणार गं? आधी बंगला बांधा." बायका हसल्या, दोघी सोडून.

असं रोज चालायचं. नायिकेनं काही केलं की अव्वा एक बोलायची, अक्का दुसरं, आणि दोघी माझ्याकडं बघायच्या, जणू मी पंच. मला त्याचा गर्व वाटायचा, खोटं कशाला बोलू. अंगणात माझा शब्द चालत होता. डॉक्टर पुस्तकात आल्यावर तर जाड्या बाईनं त्याला लगेच चेकर नाव दिलं. डॉक्टर नायिकेची नाडी बघतो आणि घरात काय बिनसलंय ते ओळखतो, असं एक पान होतं. "आला बघा चेकर," ती म्हणाली. "नाडी बघतोय का कट्टा चाचपतोय?" त्यावर अक्का हसली. पाच-सहा आठवड्यांत पहिल्यांदा. अव्वानं कात्री जरा जोरात चालवली. त्यानंतर सगळ्यांच्या तोंडी तो चेकरच. "आज चेकर येणार का?" "चेकरनं इचारलं का तिला?"

पंच बसायचे होते रविवारी. बुधवारी संध्याकाळी मी नळावर हंडा भरायला लावून पुस्तक पुढं वाचून संपवलं. आणि हंडा भरून वाहायला लागला तरी मी उठले नाही. खून डॉक्टरनं केला होता. कमी बोलणारा, बायको वारलेला, सगळं ओळखणारा तो माणूस. त्यानंच औषधाच्या पेटीतलं विष कॉफीत घातलं होतं, नायिका आपल्याला मिळावी म्हणून. शेवटच्या पानावर तो स्वतःच कबूल होतो आणि नायिका बंगल्याच्या फाटकाशी एकटी उभी राहते.

मी ते तसंच सांगितलं तर काय होईल ते मला दिसत होतं. बायका चेकरचं नाव घेऊन खुनी म्हणणार, हसत हसत का होईना. अव्वा म्हणणार, बघ. आणि अक्का? चार दिवसांनी जिला अंगठा द्यायचा की नाही ते ठरवायचं होतं, ती पुस्तकाकडं कशी बघत होती ते मी बघितलं होतं. आदल्या दिवशीच तिनं मला हौदापाशी गाठून विचारलं होतं, "त्या बाईचं पुढं चांगलं होतं का गं?" मी म्हटलं होतं, माझं वाचून झालेलं नाही. ती म्हणाली, "झालं की मला आधी सांग."

तिला आधी सांगायला हवं होतं. तिनं मागितलं होतं तेवढंच. पण मी ठरवलं की शिकलेली मी आहे, यातून वाट मी काढीन. पुस्तक भाड्याचं, लेखक पुण्याचा, ऐकणाऱ्या माझ्या. डॉक्टरला सोडवायचा. बाकी खुनी कोण करायचा ते सांगता सांगता सुचेल.

गुरुवारी दुपारी मी पुस्तक मांडीवर उघडलं. चाळीतली एकही बाई यायची राहिली नव्हती. शेजारच्या चाळीतल्या दोघी-तिघीही आल्या होत्या, शेवट ऐकायला. मी सांगत गेले. इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतो. इथपर्यंत छापल्याप्रमाणे. मग तो म्हणतो, खुनी याच खोलीत आहे. अंगणात कात्र्या थांबल्या. मी वर बघितलं आणि माझी नजर अव्वावर गेली.

खरं सांगायचं तर तिचा मला राग होता. सून आपल्या तोंडच्या घासासाठी हवी म्हणून ही बाई तिचं आयुष्य अडवून बसलीय, असं मला वाटायचं. मी वीस-एकवीस वर्षांची होते. म्हातारपणाचं मला काय माहीत होतं?

मी म्हटलं, खून सासूनं केला.

आणि मग तोंड थांबेना. सासूनं विष कालवलं होतं ते सुनेसाठी. सून राहिलेलं सामान न्यायला आली होती, ती परत जाऊ नये, गेलीच तर जिवंत जाऊ नये म्हणून. पण तो कप सुनेनं घेतला नाही. तो मुलानं घेतला. आईच्या हातून मुलगा गेला. मोत्यांची माळ तोडून ती जमिनीवर बसते आणि म्हणते, मी माझ्याच पोराला खाल्लं. हे सगळं मी रचलं, आणि चांगलं रचलं. मूळ पुस्तकापेक्षा चांगलं, असं बोलता बोलता मला वाटलं सुद्धा.

अंगणातली एकेक मान अव्वाकडं वळली. कुणी मुद्दाम बघत नव्हतं, तरी सगळ्या बघत होत्या. अव्वानं कात्री खाली ठेवली. कापलेली पानं ओल्या फडक्यात नीट गुंडाळली, कोपरे आत घेतले. तिला उठायला नेहमी अक्काचा हात लागायचा. त्या दिवशी ती खांबाला धरून एकटी उठली आणि खोलीत गेली.

जाडी बाई म्हणाली, "बरोबर हाय. मला पयल्यापासून वाटतच होतं, ती गॅलरीत उगंच उभी राहत न्हाय."

कुणीतरी गप म्हणून तिला कोपर मारलं. अक्का वळत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. उठताना इतर बायकांनी आईच्या सुपात मुठी टाकल्या तशी तिनंही टाकली.

संध्याकाळी अव्वा जेवली नाही. शुक्रवारी सकाळी तिनं पानं कापली नाहीत. मी पुस्तक घेऊन त्यांच्या खोलीत गेले. अव्वा भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी शेवटची पानं उघडली, बोट ठेवलं, सांगितलं की सासूचं मी मनचं घातलं. पुस्तकात खुनी डॉक्टर आहे. हे बघा, इथं लिहिलंय.

ती वळली. पुस्तकाकडं नाही, माझ्याकडं बघत म्हणाली, "अक्षर तुझं, तोंड बी तुझं. मी काय धरू? काल सासू म्हणलीस, आज डॉक्टर म्हणतीस."

"काल खोटं सांगितलं, अव्वा."

"व्हय? मग आज खरं कशावरून?"

सगळ्या चाळीत ते पान वाचून खरं-खोटं करणारं दुसरं माणूस नव्हतं. ज्याचा मला एवढा गर्व होता तेच आता आडवं आलं.

"एवढंच सांग," अव्वा म्हणाली. "माझा पोरगा भिवंडीला हाय. जिता हाय. त्याला मी कधी मारला?"

दुपारी मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं की काल मी शेवट बदलला होता. बायकांनी ऐकून घेतलं. मग शेजारच्या चाळीतली एक म्हणाली, "म्हातारीला बरं वाटावं म्हणून आता फिरवतीस. चांगलं हाय. मन मोठं हाय तुझं."

मी म्हटलं, फिरवत नाही, हेच खरं आहे.

"असू दे की. आमाला कालचंच पटलं. सगळं नीट बसत होतं."

"आणि डॉक्टर खुनी म्हणलं तर आपल्या चेकरचं काय गं?" जाडी बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. एका दिवसात मी म्हातारीला खुनी केलं होतं आणि तिला सोडवायला गेले तर आता त्या बिचाऱ्या माणसाला पुढं केलं होतं.

शनिवारी ब्रँचवर जाताना मी अक्काच्या बरोबर चालायला लागले. तिच्या डोक्यावर टोपली, माझ्या डोक्यावर आईची. थोडं चालल्यावर तिनं विचारलं, "कुणासाठी बदललंस?"

"तुझ्यासाठी."

"मला इचारलं व्हतंस?"

ती रागात नव्हती, तेच अवघड होतं. टोपली सावरत ती सांगत होती, जशी एखादीला वाट सांगावी. "मी ठरवलं व्हतं. अंगठा द्यायचा. अव्वाला बी सांगितलं व्हतं, बुधवारी. ती रडली, मग म्हणली, जा. महिन्यातनं एकदा तोंड दाखव म्हणली. आता सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. मी आता उठून गेले तर लोक म्हणतील, खरंच व्हतं. तशीच व्हती म्हणून सून पळाली. मी गेल्यावर हितं तिला घोटभर पाणी कोण देणार? तूच सांग, जाडी देईल?"

मी देईन, असं म्हणणार होते. पण मी अर्ज करत होते, आणि उद्या कुठं नोकरी लागली तर मी जाणार हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. त्यामुळं तेवढंही म्हणता आलं नाही.

मी वडिलांना म्हटलं, उद्या मला पंचांसमोर बोलू द्या. वडिलांनी विचारलं, "काय बोलशील? पुस्तक चुकीचं वाचलं म्हणून?" ते चेष्टा करत नव्हते. खरंच विचारत होते. पंचांपुढं अशी तक्रार आजवर कुणी नेली नव्हती.

रविवारी मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर पंच बसले. बायका पायऱ्यांच्या खाली. नवरा भिवंडीहून आला होता, टेरिलिनचा शर्ट, केसाला तेल. तो वाईट दिसत नव्हता, घाईत दिसत होता. आईच्या पाया पडला, तिनं हात डोक्यावर ठेवला आणि काढून घेतला. रस्त्यापलीकडं चहाच्या हॉटेलात चेकर बसलेला मला दिसला. पुढं कप, कपाकडं बघत. त्याला बोलावलं नव्हतं आणि बोलवायचं कारणही नव्हतं. दोन महिन्यांनी त्यानं अक्कलकोटच्या ब्रँचला बदली मागून घेतली. जाताना आईला फक्त "बरं हाय" म्हणाला.

पंचांनी कागद वाचून दाखवला. पाच ओळींचा. अक्काला पुढं बोलावलं, शाईचा पॅड सरकवला. तिनं दोन्ही हात पदरात घेतले.

"मी अंगठा देत न्हाय."

मुख्य पंचांनी विचारलं, "का, पोरी? काही तक्रार?"

"न्हाय."

"मग?"

"देत न्हाय."

नवरा उठून बोलायला लागला, मग ओरडायला लागला, पंचांनी त्याला बसवलं. अव्वा मागच्या खांबाशी होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार, पण ती पुढं आली नाही, आणि कुणी तिला विचारलंही नाही. मीही विचारलं नाही. मी पायऱ्यांच्या कठड्याला धरून उभी होते. माझ्या पदवीच्या कागदावर सोनेरी शिक्का होता, आणि इथं लागत होता तो अंगठ्याचा ठसा.

संध्याकाळी तो आमच्या दारात आला. गाडीला वेळ होता. हातात तोच कागद. मला म्हणाला, "तुमी शिकलेल्या हाय. चाळीत म्हणत्यात, ती तुमचं ऐकती. एकदा समजावून सांगा. मला तिकडं तोंड दाखवायचंय."

त्याचा मला राग यायला हवा होता. पण अक्काला सुटायचा एकच रस्ता उरला होता, आणि तो आता या नको असलेल्या माणसाच्या हातात होता. मी कागद घेऊन मागच्या खोलीत गेले. अक्का चुलीपाशी होती. अव्वा ताटावर बसली होती, तीन दिवसांनी पहिल्यांदा. मी कागद पुढं धरला आणि अक्काला म्हटलं की तो जाणार आहे, अजून वेळ आहे.

अव्वानं घास खाली ठेवला. "दे की अंगठा," ती सुनेला म्हणाली. "माझी काळजी नको. मी कुणाला मारलं न्हाय, माझं मला म्हाईत हाय."

"तुला म्हाईत हाय, अव्वा," अक्का म्हणाली. "जेव." आणि माझ्याकडं वळून, "कागद घेऊन जा. भाताला वाफ आलीय, मला उठता येत न्हाय."

मी बाहेर आले. तो रस्त्यावर उभा होता. मी कागद परत दिला आणि सांगितलं, ती नाही म्हणाली.

त्यानं कागदाची घडी नीट केली, खिशात घातली, खिसा वरून दाबला. मग माझ्याकडं जरा आश्चर्यानं बघत म्हणाला, "तुमाला बी नीट सांगता आलं न्हाय व्हय?"

मी म्हटलं, नाही.

तो स्टेशनकडं निघून गेला. मला पुस्तक परत करायला सात रस्त्याला जायचं होतं, पण तो त्याच वाटेनं चालला होता, म्हणून मी तो दिसेनासा होईपर्यंत दारातच थांबले.